शिडी, गोठा आणि घोरपडे सरांचं ‘बरोबर’

सयाजी जगदाळे मापाचा माणूस. कुपवाडच्या एमआयडीसीत पंपाचे शाफ्ट बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथं तो तपासणीला. सयाजीनं पास केलेला शाफ्ट डोळे मिटून बसवावा आणि सयाजीनं फेकलेला शाफ्ट मालकानं कितीही गयावया केली तरी परत उचलू नये, अशी त्याची तिथं कीर्ती. पण माप चुकलेलं दिसलं की लगेच माल फेकायचा, असलं काम त्याचं नव्हतं. आधी मायक्रोमीटर फडक्यानं पुसायचा, शून्यावर आणून बघायचा, आणि मग परत एकदा मोजायचं. हा नेम त्यानं पंधरा वर्षांत एकदाही मोडला नाही. “आदी आपलं हत्यार बगा, मग दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवा,” असं तो नव्या कामगारांना सांगायचा.

एकदा मात्र मास्टरच चुकला. मास्टर म्हणजे मोजायची बाकी सगळी हत्यारं ज्याच्याशी ताडून बघायची, तो पोलादाचा पक्का तुकडा. लाकडी पेटीत, मखमलीत ठेवलेला. तो झिजलाय हे सयाजीच्याच ध्यानात आलं. मालक शिवतेज तरणा गडी, म्हणाला, जाऊ दे काका, नवीन आणू, मागचं कोण विचारतंय? सयाजी म्हणाला, “मास्टर गेला म्हंजी त्येच्यावर तपासलेलं समदं गेलं. चांगलं असंल, वाईट असंल, आपल्याला ठावं न्हाई. समदं परत मागवा.” तीन महिन्यांचा माल टेम्पोत घालून परत आला. परत मोजला तर जवळजवळ सगळा चांगला निघाला. शिवतेज फुरंगटून म्हणाला, “निघाला का नाही चांगला? उगाच माझ्या तोंडाला फेस आणला.”

“निघाला,” सयाजी म्हणाला. “पर ते आता ठावं हाय. तवा न्हवतं.”

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते ह्याच खोडीमुळं झालं.

सयाजी मूळचा कोरेगावच्या पुढच्या एका गावचा. बारावीनंतर फौजेत गेला, सिग्नलमध्ये वायरलेसचे सेट दुरुस्त करायला. तिथं युनिटच्या वाचनालयात सापेक्षतेवरचं एक मराठी पुस्तक त्याच्या हाती लागलं, मागची पानं गेलेलं. त्यात म्हटलं होतं, की एखादी वस्तू प्रकाशाच्या जवळपास वेगानं धावायला लागली तर बघणाऱ्याला ती आखूड दिसते. नुसती दिसत नाही, मोजली तरी आखूडच भरते. आता मापाच्या माणसाला असलं काही सांगितल्यावर तो गप बसतोय होय? सयाजीनं वही काढली आणि आपल्या वडिलांचा, आबांचा, गोठा काढला. दहा फुटांचा, पुढं एक दार, मागं खळ्याकडं एक दार. मग वीस फुटांची शिडी काढली. शिडी इतक्या वेगात गोठ्यात घुसवली, की गोठ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला ती निम्मी, दहा फुटांची भरते. त्या माणसानं एका क्षणापुरती दोन्ही दारं एकदम लावली आणि उघडली. झालं, शिडी आत मावली.

आता शिडीवर बसलेला माणूस घ्या. त्याच्या दृष्टीनं शिडी जागच्या जागी, वीस फुटांची. धावतोय तो गोठा, म्हणून गोठा आखूड, पाच फुटांचा. पाच फुटांच्या गोठ्यात वीस फुटांची शिडी घालून दोन्ही दारं एकदम कशी लावणार? एक म्हणतो मावली, दुसरा म्हणतो मावूच शकत नाही. “येकच गेज दोन मापं देत असंल,” सयाजीनं वहीत लिहिलं, “तर त्यो गेज भंगारात.” म्हणजे सगळ्या जगानं डोक्यावर घेतलेला सिद्धांत भंगारात. ह्या एका गोठ्यापायी.

निवृत्त होऊन तो सांगलीला आला, कुपवाडला लागला. वही बरोबर होतीच. एक दिवस वाचनालयात त्याला घोरपडे सर भेटले. विश्वजित घोरपडे, साताऱ्याकडचेच, सांगलीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्याच वर्षी त्यांची बायको गेली होती. विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत म्हातारा एकटा. सयाजीनं भीतभीत वही पुढं केली. सरांनी ती बराच वेळ वाचली, शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली. “बरोबर. पुढच्या रविवारी ये.”

झालं. नऊ वर्षं तो दर रविवारी गेला. बनुबाई, त्याची बायको, सकाळीच डबा भरायची: शाळूच्या भाकरी, घेवड्याची आमटी, सरांना सोसेल असा कमी तिखट ठेचा. सयाजी शिडी कधी तांब्याची करायचा, कधी गोठ्याला तिसरं दार पाडायचा, गणितं मांडायचा. सर चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि लाल खूण करायचे. एका वहीच्या सात वह्या झाल्या. बनुबाई चेष्टेनं म्हणायची, “आवं, त्या शिडीवर चढून तुमी कवातरी सर्गाला जाशीला.”

त्या नऊ वर्षांत सयाजीनं सरांना एकच गोष्ट वहीबाहेरची विचारली. पण त्याच्या जिवाला तीच सगळ्यात जड होती.

आबा आजारी पडले तेव्हा सयाजी सीमेवर होता. धामधुमीचे दिवस. निरोप आला, वरच्या साहेबानं सांगितलं, “सुट्टी मंजूर आहे. जायचं का राहायचं ते तू ठरव.” टेकडीवरचा सेट त्याच्याशिवाय कुणाला धड सुधारत नव्हता. तो राहिला. आबा गेल्याचं चार दिवसांनी कळलं. थोरला भाऊ अर्जुना सुतकातच म्हणाला होता, “बापाला खांदा द्यायला न्हाई आला, त्यो माझा कोन?” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सव्वीस वर्षं. सयाजी रात्र रात्र छताकडं बघायचा. शेवटी सात वर्षांपूर्वी एका रविवारी त्यानं सगळं सरांपुढं ओतलं आणि विचारलं, “सर, मी चुकलो का?”

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “नाही सयाजी. तू बरोबर होतास.”

त्या रात्री तो गाढ झोपला. अर्जुनाकडं जाऊन पाय धरावेत असं अधूनमधून मनात यायचं, तेही त्या दिवसापासून थांबलं. चुकलोच नाही तर पाय कशाला धरायचे? एवढा शिकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस बरोबर म्हणाला, म्हणजे बरोबरच असणार. सयाजीचा मास्टर होता तो.

आता खरं सांगायचं तर खटकणाऱ्या गोष्टी मधेमधे होत होत्या. सयाजीनं एकदा विद्यापीठाला पत्र लिहिलं, सर म्हणाले मी टाकतो. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. कॉलेजातल्या प्राध्यापकांना दाखवू म्हटलं की सर म्हणायचे, अजून थोडं पक्कं होऊ दे. पण सयाजी प्रत्येक वेळी सरांच्या बाजूनंच कारण शोधायचा. टपालात गेलं असंल. पक्कं करायला पायजेच. बघा माणसाची गंमत! एका गोठ्यापायी अख्खा सिद्धांत भंगारात काढायला निघालेला गडी, आणि सरांच्या वागण्यात दहा फटी पडल्या तरी त्याला एक दिसली नाही.

साताऱ्याच्या माजी सैनिक संघटनेतला सुभेदार केरबा सयाजीचा जुना दोस्त. विज्ञान दिनाला हॉल ठरला होता, वक्ता ऐन वेळी आजारी पडला. केरबा फोनवर म्हणाला, “गड्या, तू ये आनि तुजी शिडी घिऊन ये. कालेजची पोरं बी यायची हायती.” सयाजीला हर्ष मावेना. सर मात्र गडबडले. आधी म्हणाले माझी प्रकृती बरी नाही, मग म्हणाले इतक्यात नको, मग म्हणाले बरं, येतो.

हॉल भरलेला होता. पुढं मिशावाले निवृत्त फौजी, मागं कॉलेजची पोरं. सरांनीच ओळख करून दिली. “नऊ वर्षं ह्या कामाचा मी साक्षीदार आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले. सयाजीनं फळ्यावर आबांचा गोठा काढला, दोन दारं काढली, शिडी काढली. तो फार चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, “ह्या सिद्धांतात जर एवढी एक फट आसंल तर त्यो खोटा हाय.” फौजींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, आपला गडी बोलतोय म्हटल्यावर टाळ्या.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. सोनम नाव, कवठे महांकाळकडची, बाप मेंढ्या सोडून शेतीला लागलेला, बी.एस्सी.ला होती. संकोचून म्हणाली, “काका, रागावू नका. तुमी म्हनता दोनी दारं एकदम लावली. ते एकदम कुनाच्या घड्याळानं?”

“गोठ्यापशी हुबा हाय त्येच्या.”

“मग शिडीवरच्या मानसाच्या घड्याळात ती एकदम लागतच न्हाईत. त्याच्या दृष्टीनं शिडी जिकडनं भायेर पडनार ते दार आदी लागतं आनि उघडतं. मग शिडीचं टोक त्यातनं भायेर जातं. शेपूट आत आल्यावर जिकडनं आली ते दार लागतं. वीस फुटांची शिडी पाच फुटांत कोंडलीच न्हाई कवा. दोगंबी खरंच बोलत्यात.” मग जरा थांबून ती म्हणाली, “एखादी गोष्ट सिद्धांतात बसत न्हाई असं वाटलं, तर सिद्धांत लगेच टाकायचा नसतो ना काका. आदी आपलंच कुठं चुकलं ते बघायचं.”

सयाजी फळ्याकडं बघत राहिला. त्याला समजायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही, हेच त्याला फार लागलं. त्याचा स्वतःचा नेम होता तो. आधी आपलं हत्यार पुसायचं. पंधरा वर्षं त्यानं दुनियेला तो नेम शिकवला आणि स्वतःचं हत्यार, ते ‘एकदम’, एकदाही पुसलं नाही.

“पोरी, तुजं बरुबर हाय,” तो माईकवर म्हणाला. “माजं चुकलं.” त्यानं डस्टर उचलून गोठा पुसला. हार मानायची त्याला लाज नव्हती. फौजी होता तो. पुसता पुसता त्यानं सरांकडं पाहिलं. एवढा मोठा उलगडा झाला होता, नऊ वर्षांचं काम मोडलं होतं, आणि सरांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं. ते आपल्या चपलांकडं बघत होते.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं चहाला उतरली. सयाजी म्हणाला, “सर, त्या पोरीनं सांगितलं ते तुमाला कवा सुचलं?”

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सुचलं नाही. आम्हाला बी.एस्सी.ला होतं ते.”

“म्हंजी पयल्या रविवारीच ठावं हुतं?”

“हो.”

“आनि विद्यापीठाचं पत्र?”

“माझ्या कपाटात आहे.”

सयाजीला मारल्यासारखं झालं. नऊ वर्षं, सात वह्या, प्रत्येक पानावर लाल खूण! एखाद्यानं वैरानं केलं असतं तर त्याला समजलं असतं. पण ज्याच्या ताटात आपण दर रविवारी भाकरी वाढली, त्यानं केसानं गळा कापावा? “का सर?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं.

“बायको गेली होती,” सर म्हणाले. “तू आलास, डबा घेऊन, वही घेऊन. पहिल्याच दिवशी उत्तर सांगितलं असतं तर वही संपली असती, आणि तू परत आला नसतास. मग रोज वाटायचं, पुढच्या रविवारी सांगू. नंतर नंतर तर तोंडच राहिलं नाही.”

“मी वहीसाठी येत न्हवतो, सर,” सयाजी म्हणाला. “तुमच्यासाठी येत हुतो. वही नसती तर नुसती भाकरी घिऊन आलो असतो.”

सरांचे डोळे भरले. गाडी सुटली. पेठ नाक्याच्या अलीकडं सयाजीला एकाएकी आठवलं. शिडी गेली, गोठा गेला, त्याचं एवढं काही नाही. पण ज्या माणसानं शिडीला बरोबर म्हटलं होतं, त्यानंच आणखी एका गोष्टीला बरोबर म्हटलं होतं.

“आनि आबांचं, सर?”

सर दचकले. मग घाईनं म्हणाले, “ते खरं होतं, सयाजी. शपथेवर सांगतो. तू बरोबरच होतास.”

सयाजीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला मनापासून विश्वास ठेवायचा होता. कदाचित ते खरंही असेल. “तवाबी असंच म्हनला हुता,” तो म्हणाला. “ह्याच आवाजात.”

पुढचा रविवार त्यानं अंथरुणात काढला. कारखान्यात जायचा, शाफ्ट मोजायचा, घरी येऊन भिंतीला टेकून बसायचा. राग होता, लय राग होता, आणि रागाच्या खाली म्हाताऱ्याची कीवही होती, तिचाच त्याला जास्त राग येत होता. झोप परत उडाली होती. मास्टर गेला म्हणजे त्यावर तपासलेलं सगळं गेलं. चांगलं असेल, वाईट असेल, ठाऊक नाही. शिवतेजला ऐकवलेलं त्याचंच बोलणं आता त्याला पुरतं घेरून बसलं.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं पहाटे आंघोळ केली. बनुबाईनं सवयीनं डबा भरला होता.

“ह्यो सरास्नी देयाचा न्हाई,” तो म्हणाला. “मी गावाकडं चाललोय. अर्जुनदाकडं.”

बनुबाई बघतच राहिली. सव्वीस वर्षांत ह्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. मग ती डबा पिशवीत घालत म्हणाली, “जावा. ह्यो मी देऊन येते सरास्नी. म्हातारा दारात बसला असंल. तुमचा राग तुमच्यापशी ऱ्हाऊ दे, भाकरीनं काय पाप केलंया?”

तिला नको म्हणायला त्याची जीभ उचलली नाही आणि जा म्हणायलाही उचलली नाही.

गावात पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं. गोठा तसाच होता, वर पत्रा नवीन टाकलेला. मागचं दार उघडं, पुढचंही उघडं. अर्जुना आत म्हशीपुढं वैरण टाकत होता. सत्तरीकडं झुकलेला, पाठीला पोक आलेला. त्यानं सयाजीला पाहिलं, ओळखलं, आणि वैरण टाकायची थांबवली नाही.

“दादा,” सयाजी उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, “येक इचारायचं हाय.”

“इचार.”

“आबा आजारी हुतं तवा मी आलो न्हाई. मी चुकलो का?”

अर्जुनानं हातातली पेंडी खाली ठेवली. “ह्ये इचारायला सव्वीस वरसं लागली?”

“येकानं सांगितलं हुतं, चुकलास न्हाई म्हनून. त्येच्यावर बसून ऱ्हायलो.”

“कोनी?”

“हुता येक. मला बरं वाटावं म्हनून सांगितलं आसंल त्यानं. खरं बी आसंल. मला आता कळंना झालंया. तुला काय माजी भीड न्हाई. तू सांग.”

सयाजीला बरं वाटावं अशी अर्जुनाला खरोखर काहीच गरज नव्हती. दोघांच्या मधे म्हैस रवंथ करत उभी होती.

“चुकलास,” अर्जुना म्हणाला.

सयाजीनं दाराची चौकट धरली. सरांच्या ‘बरोबर’नं त्याला सात वर्षं झोप दिली होती. ह्या एका शब्दानं ती कायमची जाणार, हे त्याला तिथंच समजलं. पण गेल्या नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या तरी शब्दावर त्याला भार टाकता आला.

“परत येकदा सांग,” नेमाप्रमाणं तो म्हणाला.

अर्जुनानं परत सांगितलं. तेच.